गोव्याच्या घरात सीझर सॅलड करताय? या चुका टाळा

सॅलडमध्ये पोईचे, म्हणजे कोंड्याच्या गोव्याच्या पावाचे, तुकडे घातले, सुकी सुंगटं (कोळंबी) घातली, वरून सुरेचं (माडीचं) व्हिनेगर शिंपडलं, की झालं गोव्याचं सीझर सॅलड, असं वाटणं साहजिक आहे. पण असं केलेलं सॅलड बहुतेक वेळा ताटात तसंच राहतं. तळाशी पाणी सुटलेलं असतं, पाव भिजलेला, एका घासाला खारट आणि दुसऱ्या घासाला बेचव. जिन्नस बदलले जातात, पण मूळ जिन्नस तिथे कशासाठी होता हे कोणी पाहत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

हे सॅलड मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात सीझर कार्डिनी या इटालियन वंशाच्या हॉटेलवाल्याने केलं. 4 जुलै 1924 ची तारीख सांगितली जाते. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, सीमा ओलांडून गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, आणि स्वयंपाकघरात जे उरलं होतं त्यातून त्याने हे जुळवलं, अशी कथा आहे. त्याच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासा वेगळा घातलेला नव्हता, असं त्याच्या घरचेच सांगत. माशाची ती चव वूस्टरशर सॉसमधून यायची, कारण त्या सॉसमध्ये अँकोव्ही असतोच. म्हणजे मासा दिसायला नको, त्याची खोल खारी चव मात्र हवी. आपल्याकडे नेमकं हेच काम करणारे जिन्नस पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, डब्यात पडलेले असतात.

कामं मोजायची तर चार. पानाने, म्हणजे मूळच्या रोमेन लेट्यूसने, कुरकुरीत आणि किंचित कडसर राहायचं. ड्रेसिंगने स्निग्धपणा आणि आंबटपणा एकत्र बांधायचा. मासा आणि चीज यांनी चवीला खोली द्यायची. पावाने कोरडा कुरकुरीतपणा आणायचा. नवा जिन्नस यापैकी एखादं काम करत नसेल तर तो कितीही आवडता असो, या सॅलडात नको.

पानं ओली राहिली की पुढचं सगळं फुकट

ही चूक सर्वांत जास्त होते. धुतलेलं पान हाताला कोरडं लागलं तरी घडीत आणि शिरेच्या खोबणीत पाणी असतं. ड्रेसिंगमध्ये तेल आहे, ते ओल्या पानाला धरत नाही. घसरून तळाला जातं आणि तिथल्या पाण्यात मिसळून पातळ होतं. मग माणूस वरून आणखी मीठ, आणखी चीज घालतो, आणि सॅलड खारट होतं.

पानं सुटी करून बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. उकाड्याने मलूल झालेलं पान पाणी पिऊन पुन्हा ताठ होतं. मग निथळू द्या, जुन्या सुती कापडावर एका थरात पसरा, कापड सैल गुंडाळा आणि तसंच फ्रीजमध्ये तासभर ठेवा. हा तासभर वाचवू नका. पावसाळ्यात नुसतं पंख्याखाली वाळवून भागत नाही, हवाच एवढी दमट असते.

रोमेन लेट्यूस पणजी-मडगावच्या किंवा किनारपट्टीच्या मोठ्या दुकानांत मिळतं. नसेल तर आइसबर्ग चालेल, पण त्यात पाणी फार आणि कडसरपणा जवळजवळ नाही, म्हणून ड्रेसिंग थोडं दाट ठेवा. कोवळ्या कोबीची आतली पानं मला आइसबर्गपेक्षा जास्त पसंत आहेत, ती दाट ड्रेसिंग छान पेलतात. तांबडी भाजी (लाल माठ) मात्र इथे आणू नका. कच्ची खाताना ती दाताला चरचरते, आणि चिरल्यावर तिचा रंग सगळ्या ड्रेसिंगला लागतो. तवशें (काकडी) घालायचं असेल तर बिया काढा, मीठ लावून अर्धा तास निथळत ठेवा, मग पिळून घाला.

ड्रेसिंग फाटलं तर

चार जणांसाठी एक बलक, एक छोटा चमचा मस्टर्ड, एक मोठा चमचा लिंबाचा रस, मिठाबरोबर खलात वाटलेली लसणीची एक पाकळी आणि साधारण 100 मिली तेल. बलकातलं लेसिथिन तेल आणि रस यांना एकत्र धरून ठेवतं, मस्टर्ड त्याला मदत करतं. पण तेल सुरुवातीला थेंबाथेंबानेच जायला हवं. चार-पाच चमचे तेल जिरलं आणि मिश्रण दाट झालं की मग बारीक धार चालते. घाईने ओतलं की तेल वेगळं होतं. फ्रीजमधलं गार अंडं आणि स्वयंपाकघरातलं गरम तेल एकत्र आणलं तरी तोच धोका, म्हणून अंडं आधी बाहेर काढून ठेवा.

फाटलेलं टाकून देऊ नका. स्वच्छ भांड्यात एक चमचा मस्टर्ड आणि एक चमचा कोमट पाणी फेटा आणि त्यात फाटलेलं मिश्रण थेंबाथेंबाने घाला. बहुतेक वेळा सुधारतं. तेवढ्यानेही नाही जमलं तर दुसरा बलक घ्या आणि तेच करा.

तेलाच्या दोन चुका गोव्यात हमखास होतात. पहिली खोबरेल. आपलं तेल म्हणून घालावंसं वाटतं, पण खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. थंड पानावर पडलं की त्याचे पांढरे कण होतात आणि जिभेवर मेणचट थर राहतो. दुसरी चूक म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवणं. त्याने ते कडू होतं. अर्धं सूर्यफुलाचं तेल मिक्सरला लावा आणि ऑलिव्ह तेल शेवटी हाताने फेटून घाला.

कच्च्या अंड्याबद्दल मी कडक आहे. जुन्या कृतीत अंडं मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायचे, पण तेवढ्याने साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू मरत नाही. आपल्या हवेत, वीज जाते-येते तिथे, लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं जेवायला असतील तर हा धोका पत्करू नका. बलक, लिंबाचा रस आणि एक चमचा पाणी गरम पाण्यावर ठेवलेल्या वाटीत सतत ढवळत 71 अंशांपर्यंत न्या, लगेच उतरवा, गार करा, मग तेल घाला. थर्मामीटर नसेल तर अंडं पूर्ण उकडा आणि बलक चाळणीवर घासून मस्टर्डमध्ये मिसळा. ड्रेसिंग जरा जाडसर होईल, चवीत काही कमी पडणार नाही.

गालमो : इथे हात सैल सोडू नका

अँकोव्हीच्या जागी ताजी मांदेली वापरायचा मोह होतो, दिसायला ती जवळची. पण डब्यातला अँकोव्ही कित्येक महिने मिठात मुरलेला असतो. त्याची चव त्या मुरण्यातून येते, ताज्या माशात ती नसते. हे काम सुका मासाच करू शकतो, आणि माझ्या मते सर्वांत चोख करतो तो गालमो, म्हणजे सुका जवळा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गालमो घेताना विकणारी बाई स्वतःच मूठभर पुढे करते, "वास घेवन पळय, बाय." वास घेऊन बघ, तेच करायचं असतं. वास समुद्राचा यायला हवा, नाकात झोंबणारा नको. मुठीत दाबून सोडला की दाणे सुटे पडले पाहिजेत. हाताला ओलसर गोळा लागला तर तो नीट वाळलेला नाही, किंवा पावसाची हवा खाल्लेला आहे.

घरी आणल्यावर आधी चाळा. त्यात वाळू असते, आणि सॅलडमध्ये दाताखाली एक कण आला तरी सगळ्या जेवणाचा विचका होतो. मग लोखंडी तव्यावर, तेल न घालता, अगदी मंद आचेवर भाजा. सुरुवातीला तो मऊच असतो आणि वास कच्चट असतो. चार-पाच मिनिटांनी हलवताना आवाज बदलतो, दाणे तव्यावर खुळखुळायला लागतात, रंग फिकट गुलाबीचा तांबूस होतो आणि वास भाजलेल्या शेंगदाण्याकडे झुकतो. इथेच थांबा. आणखी अर्धं मिनिट ठेवला तर तो करपतो, आणि करपलेल्या गालमोचा कडवटपणा कुठल्याही लिंबाने जात नाही. तव्यावरून लगेच ताटात काढा, कारण तापलेला तवा आच बंद केल्यावरही भाजत राहतो. पूर्ण गार झाला की पूड करा. गरम असताना वाटला तर वाफेने त्याचा लगदा होतो.

वरच्या प्रमाणाला दोन छोटे चमचे पूड पुरते. ती आधी लिंबाच्या रसात पाच मिनिटं भिजू द्या, नाहीतर ड्रेसिंगमध्ये खरखर लागते. आणि मीठ सर्वांत शेवटी घाला. गालमो खारा, चीज खारं, वूस्टरशर घातला तर तोही खारा. चव चमच्याने बघू नका, ड्रेसिंगमध्ये पान बुडवून बघा. नुसतं चाखताना जे खारट वाटतं ते पानाबरोबर बरोबर बसतं.

सुंगटांचं बाल्चाव, म्हणजे तिखट-आंबट लोणचं, घालायचं असेल तर चार जणांना एक छोटा चमचा, बारीक वाटून. त्यात व्हिनेगर आणि मिरची दोन्ही असतात, म्हणून लिंबू निम्मं करा आणि गालमो घालूच नका. दोन्ही एकत्र आले की सीझर सॅलड उरत नाही, बाल्चाव घातलेला पाला उरतो.

पोई कुरकुरीत का राहत नाही

पोई हा या सॅलडला मिळालेला सर्वांत चांगला गोव्याचा बदल आहे असं मला मनापासून वाटतं. आतून पोकळ असल्यामुळे ती उलगडली की दोन पातळ पदर मिळतात, आणि पातळ पदर जाड चौकोनापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतो. कोंड्याची चव चीजला शोभते. उंडो या गोल पावाचे तुकडे बाहेरून कडक आणि आतून चिवट होतात, म्हणून मी उंडो वापरत नाही.

पदेराकडून (पाववाल्याकडून) सकाळी घेतलेली ताजी पोई लगेच भाजायला घेऊ नका, त्यात ओल असते. आदल्या संध्याकाळची घ्या. वरचा सुटा कोंडा झटकून टाका, तो आधी करपतो आणि कडू लागतो. पदर वेगळे करून हाताने तोडा. तेलात ठेचलेली लसूण कोमट करून तेलाला वास आला की लसूण काढून टाका. ती ओव्हनमध्ये गेली की जळते. त्या तेलाचा हात तुकड्यांना लावा आणि 160 अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजा. पातळ असल्याने शेवटची दोन मिनिटं समोरून हलू नका. ओव्हन नसेल तर तवा आणि मंद आच.

नंतर उघड्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मगच घट्ट डब्यात भरा. कोमट असतानाच डबा लावला की आतल्या वाफेने सगळं मऊ पडतं. पावसाळ्यात डब्यातूनही मऊ निघालेच तर पाच मिनिटं पुन्हा भाजा, सुधारतात.

चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज, खाणाऱ्यांनी त्याचे तुकडे मंद आचेवर परतून सुटलेल्या चरबीत पोई भाजावी. चव अप्रतिम येते. ती चरबी ड्रेसिंगमध्ये किंवा पानांवर मात्र ओतू नका, गार पानावर ती लगेच थिजते.

आंबटाचं

नारळाच्या सुरेचं व्हिनेगर सौम्य आणि किंचित गोडसर असतं, लिंबाच्या निम्म्या भागाऐवजी ते चांगलं जमतं. सगळंच तेच घातलं तर चव सपाट होते. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालणारे रंगाला फसतात. बलक, चीज आणि आगळ मिळून मातकट गुलाबी रंग येतो, शिवाय आगळात मीठ असतं. कोकमाची चव हवीच असेल तर आमसुलं बारीक चिरून वरून भुरभुरा.

चीज आणि शिवराक

प्रोसेस्ड चीजची वडी किसून घालू नका. ती मऊ असते, पानाला चिकटते, आणि मुरलेल्या चीजची खोली तिच्यात नसते. पार्मेजान तुकड्याने घ्या आणि वाढताना किसा, चार जणांना 30 ते 40 ग्रॅम.

श्रावणात किंवा शिवराक (शाकाहारी) जेवणाला नुसता गालमो वगळून भागत नाही. इटलीतलं खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातल्या विरजणाने, बनतं, म्हणून शाकाहारी रेनेटचं कडक चीज शोधा. वूस्टरशरच्या बाटलीवरचा ठिपकाही पाहून घ्या. अंड्याच्या जागी भिजवलेल्या काजूची गुळगुळीत पेस्ट घ्या, ती तेल बऱ्यापैकी धरून ठेवते. गालमोच्या जागी वाटलेले केपर्स (खारवलेल्या कळ्या) आणि थोडा सोया सॉस. पावसातली अळमी (रानातली मशरूम) यात घालू नका, एवढी महाग आणि नाजूक वस्तू लसणीखाली दडपली जाते.

वाढताना

कोंबडी, सुंगटं किंवा तळलेला बांगडा वर घालायचा तर गार होऊ द्या. गरम तुकडा पडला की खालचं पान दोन मिनिटांत मान टाकतं. सुंगटं तव्यावर दोन-तीन मिनिटंच ठेवा, आतून पांढरी झाली की उतरवा, नाहीतर ती रबरासारखी होतात.

पान मोठ्या पातेल्यात घ्या, ड्रेसिंग पातेल्याच्या कडेने सोडा, आणि हातानेच हलकं वरखाली करा. निम्मं ड्रेसिंग आधी, लागलं तर बाकीचं नंतर. पोई अगदी शेवटी. ड्रेसिंग लावलेलं सॅलड टिकत नाही, म्हणून माणसं पाटावर बसल्यावरच कालवा. गरम केलेल्या बलकाचं उरलेलं ड्रेसिंग फ्रीजमध्ये दोन दिवस चालतं, कच्च्या अंड्याचं त्याच दिवशी संपवा. डब्यात न्यायचं असेल तर पानं, ड्रेसिंग आणि पोई तिन्ही वेगळं भरा.