नाताळच्या जेवणासाठी रसाळ आणि चकचकीत हॅम, घरच्या ओटीजीत

डिसेंबरात आपल्याकडे खानदेशात थंडी पडली की भरीत पार्ट्या सुरू होतात, पण भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या किंवा नंदुरबार नवापूरकडच्या ज्या घरांत नाताळ असतो तिथे आणखी एक प्रश्न असतो, की यंदा टेबलावर मधोमध काय ठेवायचं. कोणी कोंबडी करतं कोणी मटण, आणि ज्यांच्याकडे मुंबई-पुण्याहून कोणी येणार असतं ते हॅम मागवतात. मग तो दोन-अडीच किलोचा गुलाबी गोळा फ्रीजमध्ये येऊन बसतो आणि घरात कोणालाच कळत नाही की ह्याचं करायचं काय. बऱ्याच घरी तो मटणासारखा शिजवला जातो आणि तिथेच सगळं बिघडतं, कोरडा खारट भुसा होतो नुसता.

तर पहिली गोष्ट म्हणजे हॅम हे डुकराच्या मागच्या मांडीचं, मिठाच्या पाण्यात मुरवलेलं मांस. पॅकिंगवाला हॅम बहुतेक वेळा आधीच पूर्ण शिजलेला असतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. शिजलेला असेल तर तुमचं काम शिजवणं नाहीच, फक्त हळूहळू गरम करायचंय, आतलं पाणी आतच ठेवायचंय आणि शेवटी वरून ग्लेझ, म्हणजे गोड चकचकीत लेप, चढवायचा आहे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

पाकिटावर कच्चा लिहिलं असेल तर आतून ६३ डिग्रीपर्यंत जाऊ द्यायचा आणि बाहेर काढून किमान ३ मिनिटं तसाच ठेवायचा. आणि गावातल्या दुकानातून आणलेलं ताजं पोर्क म्हणजे हॅम नव्हे बरं का भो, ते मुरवलेलं नसतं, त्याला तो गुलाबी रंग येणारच नाही. त्याचा रोस्ट छान होतो पण तो आतपर्यंत नीट शिजवूनच खायचा, ७५ डिग्री धरून चाला. घरी हॅम मुरवायच्या भानगडीत पडू नका, त्यात नायट्राइटवालं मीठ लागतं, ते मोजूनमापूनच घालावं लागतं, अंदाजे घालायची वस्तू नाही ती.

फ्रोझन आला असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्या, किलोला साधारण १० ते १२ तास लागतात, म्हणजे अडीच किलोला एक अख्खा दिवस आणि वर थोडं. म्हणजे २४ च्या रात्रीचं जेवण असेल तर २३ च्या सकाळीच फ्रीजरमधून खाली यायला हवा, आणि खारटपणा काढायला रात्रभर भिजवायची वेळ आली तर त्यासाठी २२ च्या सकाळीच. ओट्यावर ठेवून सोडवू नका, थंडी असली तरी नाही, वरचा भाग गरम होतो आणि आत बर्फच राहतो.

सुटला की एक पातळ काप काढून तव्यावर परतून चाखून बघा. खूप खारट लागला तर गोळा थंड पाण्यात बुडवून फ्रीजमध्येच रात्रभर ठेवा, बरंच मीठ निघून जातं. मग कातडी असेल तर ती सुरीने सोलून टाका पण खालची चरबी ठेवा, अर्धा सेंटीमीटर तरी राहू द्या, वितळून तीच मांसाला ओलं ठेवते आणि ग्लेझही तिच्यावरच धरतो. चरबीवर तिरप्या चिरा द्या, आधी एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, शंकरपाळ्याचे चौकोन पडले पाहिजेत. चिरा चरबीपुरत्याच, मांसात सुरी गेली की रस तिथूनच गळतो. जिथे चिरा एकमेकींना छेदतात तिथे एकेक लवंग खोचा, दिसायलाही भारी दिसतं आणि वासही आतपर्यंत जातो.

आता ओटीजी, म्हणजे घरचा छोटा इलेक्ट्रिक ओव्हन. १६० डिग्रीवर आधी तापवून घ्या, फक्त खालचा रॉड चालू ठेवा. ट्रेमध्ये हॅम कापलेली बाजू खाली करून ठेवा, कपभर पाणी ओता आणि वरून फॉईल एकदम घट्ट बंद करा, वाफ बाहेर जाता कामा नये, पण फॉईल रॉडला लागणार नाही हे बघा. किलोला ३५ ते ४० मिनिटं धरा, म्हणजे अडीच किलोला दीड तासाच्या आसपास. पण घड्याळावर फार विसंबू नका, प्रत्येक ओटीजीचं तापमान वेगळं, आकडा १६० दाखवतो आणि आत १८० असतं. मांसात खुपसायचा थर्मामीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. सगळ्यात जाड भागात खुपसायचा, हाडाला टेकवायचा नाही, हाड जास्त तापतं आणि आकडा चुकीचा येतो. कंपनीच्या पॅकिंगमधला शिजलेला हॅम ६० डिग्रीला तयार असतो, आणि दुकानातून सुटा कापून आणला असेल तर ७४ पर्यंत न्यायचा.

मधेच लाईट गेली तर दार उघडू नका. बंद ओटीजीत उष्णता बराच वेळ टिकते, लाईट आली की पुढे सुरू करा आणि थर्मामीटर सांगेल ते ऐका. ज्यांच्याकडे ओटीजी नाही त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात हॅम बुडेल एवढं पाणी घेऊन मंद गॅसवर ठेवावा, पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळ उकळी अजिबात नको. नंतर जाड काप करून तव्यावर ग्लेझ लावून दोन्ही बाजूंनी परतायचे, तेही मस्त लागतं. काही जण बेकरीच्या भट्टीत नेतात, पण आधी बेकरीवाल्याला स्पष्ट विचारा, पोर्क आहे हे लपवून नेऊ नका, त्याच्या भट्टीचा आणि गिऱ्हाइकांचा मान राखायलाच पाहिजे.

ग्लेझसाठी २०० ग्रॅम गूळ बारीक चिरून घ्या, काळसर असेल तर जास्त चांगला. दोन संत्र्यांचा रस, ह्या दिवसांत नागपुरी संत्री बाजारात भरपूर असतात. गूळ रसात विरघळला की गाळून घ्या, खडे-काड्या निघतात. मग एक चमचा मोहरीची पेस्ट, दोन चमचे व्हिनेगर, थोडी मिरपूड घालून मंद आचेवर आटवा. मीठ घालायचं नाही, हॅममध्ये आहेच. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की गॅस बंद, गार झाल्यावर तो अजून घट्ट होतो.

आणि हा ग्लेझ सुरुवातीला लावायचा नाही म्हणजे नाही. गुळातली साखर तासभर तापात टिकत नाही, काळी पडून कडू होते, मग आत हॅम कितीही चांगला असू दे. आतलं तापमान ५० च्या आसपास आलं की फॉईल काढा, वरचा रॉडही चालू करा, २०० डिग्री ठेवा आणि ब्रशने पहिला हात द्या. सात-आठ मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. चिरांमधून चरबी बुडबुडायला लागते, चौकोनांच्या कडा तपकिरी होतात, घरभर गूळ-लवंगेचा वास सुटतो. ह्या वीस मिनिटांत किचन सोडू नका, चकचकीत आणि जळालेला ह्यात फार थोडा वेळ असतो.

बाहेर काढल्यावर लगेच कापू नका, वरून फॉईल सैल टाकून १५-२० मिनिटं ठेवा म्हणजे रस आत परत बसतो. मग धारदार सुरीने धाग्यांना आडवे पातळ काप करा. सोबत ब्रेड असतोच, पण मी म्हणेन कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत ठेवा, गोड-खारट हॅमला हिरव्या मिरचीचं भरीत जे काय जमतं ना, ते पोटॅटो मॅशला जमत नाही. पाहुण्यांत पोर्क न खाणारे असतात, त्यांच्यासाठी वेगळं जेवण, आणि सुरी, पाट, ताटंही वेगळी ठेवा.

उरलेला हॅम दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. हाड टाकू नका, वाटाण्याच्या डाळीत कांदा-लसूण घालून तासभर मंद शिजवा, आणि मीठ चाखल्याशिवाय घालू नका.