एक्स्चेंजवर जपानला चाललाय आणि बोतो-बु (शाळेचा रोइंग क्लब) जॉइन करायचाय? मग हे वाचून जा

मी अकरावीच्या वयात दहा महिने ओत्सुला होते, शिगा प्रांतात, बिवा तळ्याच्या दक्षिण टोकाला, आणि ते दहाही महिने शाळेच्या रोइंग क्लबात काढले. परत आल्यापासून दर वर्षी कुणाची तरी मुलगी नाहीतर भाचा एएफएसकडून किंवा रोटरीच्या युथ एक्स्चेंजवर निघालेला असतो आणि मला फोन येतो, ताई क्लब कुठला घेऊ. तेच तेच बोलून कंटाळले म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी भीती काढून टाका. रोइंग म्हटलं की पुणेकरांना सीओईपी कॉलेजची रेगाटा, म्हणजे नदीवरचा बोटींचा सोहळा, आठवते, मशाली वगैरे, आणि नाशिकच्या लोकांना दत्तू भोकनळ, रिओला २०१६ मध्ये सिंगल स्कलला (एकट्यानं दोन वल्ह्यांनी मारायची बोट) उतरलेला आणि २०१८ च्या एशियाडला क्वाडचं, म्हणजे चौघांच्या बोटीचं, गोल्ड घेतलेल्या टीममधला. मी आयुष्यात काठावर बसून टाळ्या वाजवल्या होत्या, बाकी शून्य. पण तिथे क्लबात येणाऱ्या बहुतेक पोरांनीही हायस्कूलला येईपर्यंत वल्हं हातात धरलेलं नसतं. बेसबॉल किंवा केन्दोला (बांबूच्या तलवारीचा खेळ) गेलात तर समोरचा पाचव्या वर्षापासून खेळतोय आणि तुम्ही वर्षभर बॉल गोळा करताय, इथे तसं होत नाही, सगळे एकाच वेळी गटांगळ्या खातात.

क्लबला बोतो-बु म्हणतात, कुठेकुठे पाटीवर सोतेइ-बु असं भारदस्त नाव असतं, तेच ते.

आता टायमिंग. जपानची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते. एप्रिलच्या आसपास पोचलात तर सोपं आहे, नवीन पहिलीवाल्यांसाठी (म्हणजे आपली दहावी, त्यांची हायस्कूलची पहिली) कारी-न्यूबु असतं, थोडे दिवस नुसतं येऊन बघायचं, आवडलं तर राहायचं. पण आपल्याकडची बरीच मुलं ऑगस्टअखेरीस जातात आणि त्यांना वाटतं आता वर्षाच्या मध्ये कोण घेणार. उलट आहे! तिसरीवाले उन्हाळ्यातल्या स्पर्धा झाल्या की इन्ताइ करतात, म्हणजे अभ्यासासाठी क्लबातून निवृत्त, आणि एकदम सीट रिकाम्या होतात, नवीन कॅप्टन येतो, शरद ऋतूत शिन्जिन-सेन म्हणजे नव्या टीमची स्पर्धा असते आणि सगळे माणसं शोधत असतात. मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले, मला मिठीच मारायची बाकी ठेवली होती.

क्लबात जायच्या आधी दोन परवानग्या काढा आणि दोन्ही लेखी. एक तुमच्या एक्स्चेंजवाल्या संस्थेची, कारण इन्शुरन्समध्ये पाण्यावरचे खेळ बसतात का हे त्यांनाच माहीत असतं. दुसरी होस्ट घरची. न्यूबु-तोदोके नावाचा साधा एका पानाचा फॉर्म असतो, त्यावर पालकाच्या जागी होस्ट आईची सही किंवा हान्को म्हणजे शिक्का लागतो, आणि तो फॉर्म कोमोन-सेन्सेइंना द्यायचा, कोमोन म्हणजे क्लबचे जबाबदार शिक्षक. स्टाफरूमच्या दारात उभं राहून आधी शित्सुरेइ शिमास म्हणायचं, वर्ग आणि नाव सांगायचं, मग आत. फॉर्म देतानाच तीन गोष्टी बोलून घ्या: बु-ही म्हणजे फी किती आणि रेसचा ड्रेस, प्रवास त्यात धरलाय का, एक्स्चेंजच्या मुलांना अधिकृत स्पर्धेत उतरवता येतं का (नसेल तर आधी कळलेलं बरं, मनात मांडे खाऊ नका), आणि तुमची परत जायची तारीख त्यांना सांगा म्हणजे वसंतातली क्रू ते तुम्हाला धरून लावणार नाहीत. ते तुम्हाला एकच विचारतील, ओयोगेमास का? पोहता येतं का. खरं सांगा. येत नसेल तर इथेच, जायच्या आधी, टिळक टँकला नाहीतर गावच्या विहिरीत जाऊन शिका, दोन महिने पुरतात.

आता मुद्द्याचं. हायस्कूलला तीन प्रकारच्या बोटी असतात, सिंगल स्कल, डबल स्कल आणि कॉक्सवाला क्वाड, त्याला ते कुओदोरुपुरु म्हणतात आणि हा शब्द उच्चारायला मला रेस मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. हायस्कूलची रेस १००० मीटरची, मोठ्यांची २००० ची. नवीन माणसाला बहुतेक क्वाडमध्ये टाकतात, चार जण वल्हवणारे, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, आणि एक कॉक्स, म्हणजे न वल्हवता बोट वळवणारा आणि हुकूम देणारा. हे नीट वाचा: क्वाड तिघांनी पाण्यात जात नाही. क्रिकेटला एक जण नाही आला तर शेजारच्या बंटीला उभं करतो आपण, इथे तुम्ही नाही गेलात तर बाकीच्या चौघांची सकाळ फुकट. त्यामुळे कल्चर बघायला म्हणून आठवड्यातून दोनदा येईन असं असेल तर साडो-बु म्हणजे जपानी चहा-विधीचा क्लब घ्या, चहा प्या, खूप छान क्लब आहे, खोटं नाही सांगत. बोतो-बुला तुमचं टॅलेंट नको असतं, तुम्ही रोज वेळेवर आलेलं हवं असतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. ऑक्टोबरमधला शनिवार. लाइनच्या (तिकडचं व्हॉट्सॲप) ग्रुपवर कॅप्टनचा मेसेज, सहा वाजता, आणि पुढे चार कान्जी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं. मी त्यातले शेवटचे दोन ओळखले, शूगो म्हणजे जमायचं, आणि खूश होऊन झोपले. पहिले दोन होते गेन्ची, म्हणजे थेट जागेवर. मी सहाला दहा कमी असताना शाळेच्या गेटवर सायकल लावून उभी, बाकीचे सगळे सेता नदीवर बोटहाउसमध्ये. सव्वासहाला वाटलं उशीर करतायत, साडेसहाला फोन आला. मी पोचेपर्यंत पाण्यावरची वेळ गेलेली, माझी क्रू आत एर्गोवर (जमिनीवरचं रोइंगचं मशीन) बसून घाम गाळत होती आणि बाहेर नदी अशी स्थिर की पुलाची सावलीसुद्धा हलत नव्हती. कुणी एक शब्द बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या पुढच्या सीटवरच्या सेन्पाइनं, म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलीनं, व्हेंडिंग मशीनमधून गरम लिंबूपाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली आणि पुन्हा जाऊन एर्गोवर बसली. त्या दिवसापासून मेसेज आला की मी होस्ट आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. तुम्हीही तेच करा. आणि खरंच जमणार नसेल तर आदल्या दिवशी कॅप्टनला तोंडावर जाऊन सांगा, नुसता मेसेज नको.

सेन्पाइ-कोहाइ (सीनियर-ज्युनियर) हे वयावर नसतं, इयत्तेवर असतं. मी १७ ची, मला पहिलीत टाकलेलं, दुसरीतली १६ वर्षांची मुलगी माझी सेन्पाइ. आपल्याकडे वयानं लहान मामा असतो ना, तो आपल्याहून दोन वर्षांनी लहान असला तरी मामाच, अगदी तसं. नावापुढे सेन्पाइ लावायचं, भेटलं की वाकून नमस्कार, निघताना ओत्सुकारेसामा देश्ता. पहिल्या दिवशी ओळख करून द्यावी लागते, चार वाक्यं पाठ करून जा, इन्दो कारा किमाश्ता, नाव, पोहता येतं, योरोशिकु ओनेगाइ शिमास. जास्त लांबवू नका, सगळे उन्हात उभे असतात.

पहिला महिना तुम्हाला वाटेल आपण रोइंग नाही हमाली शिकतोय. सिंगल स्कल हलकी, नियमाप्रमाणे कमीत कमी १४ किलो, डबल २७, पण क्वाड पन्नासच्या वर आणि लांबी बारा-तेरा मीटर, आणि ती तेइको म्हणजे बोटहाउसमधून धक्क्यापर्यंत खांद्यावर न्यायची. सगळ्यांनी एकदम उचलायला से-नो असं ओरडतात, आपलं एक दोन तीन, फक्त नो वर उचलायचं, नोच्या नंतर नाही. मी पहिल्यांदा नंतर उचलली आणि बोट तिरकी झाली, सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू मूल पडलं हातातून. आणि बोटीच्या मागे उभं राहू नका, वळताना ती माणसाला आडवं करते. परत आल्यावर बोट धुवायची, फडक्यानं कोरडी करायची, रिगरचे (वल्हं अडकवायचा बोटीबाहेरचा सांगाडा) नट तपासायचे. १० चा पाना कायम खिशात ठेवा, तो ज्याच्याकडे असतो त्याला भाव असतो.

पाण्यावरचे हुकूम हे अजून एक प्रकरण. शब्द बरेचसे इंग्लिशमधून आलेले पण जपानी तोंडातून गेलेले त्यामुळे ओळखू येत नाहीत. यो-इ, रो म्हणजे तयार, मारा. इजी-ओरु म्हणजे थांबा, आणि थांबा म्हणजे त्याच क्षणी थांबा, मी अर्धा स्ट्रोक जास्त मारायचे आणि पुढच्या सेन्पाइच्या पाठीत वल्ह्याची मूठ. नो-वाकु म्हणजे जोर न लावता हळू. आशिगेरी जुप्पोन म्हणजे दहा स्ट्रोक पायानं सगळी ताकद लावून. बोटीच्या दोन बाजू म्हणजे बाउ-साइ आणि सुतो-साइ, या पहिल्या आठवड्यातच डोक्यात बसवा कारण तोल गेला की कॉक्स नेमकी तीच नावं ओरडते. बोट उलटणे म्हणजे चिन. वल्हं पाण्यात वाकडं अडकून मूठ पोटात घुसते त्याला चक्क हाराकिरी म्हणतात आणि एकदा झालं की नाव का ठेवलंय ते पटतं. झाल्यावर घाबरून उठायचं नाही, मूठ सोडायची नाही, बोट थांबली की वल्हं सपाट करून ओढून घ्यायचं.

टेक्निक मी इथे शिकवत नाही, ते तिथे शिकवतात. एकच सांगते, आपण सगळे हातानं ओढायला जातो, आणि रोइंग पायाचं काम आहे. सीट चाकावर सरकते, आधी पाय ढकलायचे, मग पाठ, शेवटी हात, परत जाताना उलट क्रम. एर्गो मशीनवर हे पक्कं होतं. मशीनला घाबरू नका, फक्त निसेन म्हणजे २००० मीटरची टेस्ट असेल त्या दिवशी दुपारी पोटभर जेवू नका.

हाताला फोड येणार, हातमोजे घालायचे नाहीत, घातलेत तर हसतील आणि वल्ह्याची पकडही जाते. फोडाला जपानीत मामे म्हणतात. मामे म्हणजे कडधान्याचे दाणेसुद्धा. मी घरी येऊन आनंदानं सांगितलं, माझ्या हातात मामे आलेत, आणि छोट्या होस्ट भावानं खाऊ समजून हात पुढे केला. फुटलेला फोड साबणानं धुवा, कोरडा करा, टेप लावा, कातडी ओढून काढू नका. दोन महिन्यांनी घट्टे पडतात मग काही नाही.

शाकाहारी असाल तर नुसतं बेजितारिआन म्हणून भागत नाही. मासा, कात्सुओबुशी (वाळवलेल्या माशाचा कीस), कोंबडी, अंडं, यातलं काय चालतं काय नाही याची जपानीतून चिठ्ठी करून घ्या आणि गाश्शुकु म्हणजे क्लबच्या निवासी कॅम्पच्या निदान दोन आठवडे आधी कोमोनना द्या. तिथे हमखास करी-राइस असतो आणि त्याच्या 'रू'मध्येच, म्हणजे रस्सा करायच्या तयार वडीतच, बहुतेक वेळा मांसाची चरबी असते. ओनिगिरी (भाताचा गोळा) उमेबोशीची म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची किंवा कोम्बुची म्हणजे समुद्री शेवाळाची मागा, ओकाकावाली म्हणजे मासा.

वेळाचं म्हणाल तर सरकारच्या स्पोर्ट्स एजन्सीनं २०१८ मध्ये गाइडलाइन काढली, आठवड्यात निदान दोन दिवस सुट्टी, त्यातला एक शनिवार-रविवारपैकी, आणि सराव शाळेच्या दिवशी साधारण दोन तास, सुट्टीच्या दिवशी तीन. कागदावर. बोट काढणं-ठेवणं, सायकलनं नदीवर जाणं हे त्या तासांत धरतात की नाही ते क्लबाक्लबावर आहे. परीक्षेच्या आधीचा आठवडा मात्र बहुतेक ठिकाणी क्लब बंद असतो, तेव्हा झोप काढा.

एका गोष्टीवर मात्र अजिबात शहाणपणा करू नका, ती म्हणजे वारा. बिवा ६७० चौरस किलोमीटरचं तळं आहे, समुद्रच म्हणा, आणि मार्चअखेरीस पश्चिमेकडच्या हिरा डोंगरावरून थंड वारा एकदम खाली उतरतो. ६ एप्रिल १९४१ ला कानाझावाच्या एका जुन्या हायस्कूलची बोट त्या तळ्यावर सरावाला असताना वादळात सापडली आणि ११ जण गेले. सेता नदी तळ्यापेक्षा शांत, म्हणून तर बोटहाउस तिथे आहेत, तरी सेन्सेइ आकाश बघून आज नाही म्हणाले की नाही, मग तुम्हाला ऊन दिसत असलं तरी. आणि पडलात तर बोट सोडून काठाकडे पोहायचं नाही, बोट तरंगते, तिला धरून राहायचं.

बॅगेत काय न्यायचं ते पटकन: पटकन वाळणारे टीशर्ट, अंगाला घट्ट बसणारी शॉर्ट कारण ढगळ कापड सीटच्या चाकात जातं, जाड मोजे (बूट बोटीलाच लावलेले असतात आणि ते तुमच्या आधी शंभर जणांनी घातलेले असतात), टोपी, थंडीसाठी आतून घालायचं थर्मल. आणि शेंगदाण्याची चटणी. कुणाला ॲलर्जी नाही ना ते आधी विचारा, पण ओनिगिरीत घालून बघा, आमचे कोमोन-सेन्सेइ तर सराव संपला की डबा उघडायची वाट बघत उभे असायचे.