इराणी वास्तूंतील आठ टोकांचा तारा: कंपास आणि पट्टीने आखण्याची रीत

तेराव्या शतकात इराणमधील काशानच्या कारागिरांनी आठ टोकांचे तारे आणि त्यांच्यामध्ये बसणारे क्रूस अशा जोडीच्या फरशा घडवल्या. तेहरानजवळच्या वरामीनमधील इमामजादा याह्या या समाधिस्थळाच्या भिंतींवर पूर्वी असलेल्या अशा काही फरशांवर हिजरी ६६०, म्हणजे इसवी सन १२६२, हे वर्ष लिहिलेले आहे. ही रचना आखण्यासाठी एकही कोन मोजावा लागत नाही, आणि माझ्या मते ती शिकण्याचे हेच सर्वांत चांगले कारण आहे.

प्रथम १० सेंमी बाजूचा काटेकोर चौरस काढून त्याचे दोन्ही कर्ण आणि समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या दोन रेषा फिकट आखा. मध्यावर कंपासचे टोक रोवून चारही बाजूंना जेमतेम स्पर्श करणारे वर्तुळ काढा. बाजूंवरचे चार स्पर्शबिंदू क्रमाने जोडले की तिरका चौरस मिळतो, आणि वर्तुळ कर्णांना जिथे छेदते ते चार बिंदू जोडले की उभा चौरस मिळतो. कर्णांवरचे बिंदू पट्टीने मोजून घेऊ नका. ते वर्तुळालाच ठरवू द्या, कारण पेन्सिलच्या जाडीइतकी चूकही शेजारच्या फरशीशी जुळवताना उघडी पडते. दोन्ही चौरसांची केवळ बाह्यरेषा ठळक केली की तारा तयार होतो.

असे चार चौरस दोन-दोनच्या ओळींत एकमेकांना खेटून आखा. ताऱ्यांची टोके सामाईक बाजूंच्या मध्यावर भिडतात आणि चौघांच्या सामाईक कोपऱ्याभोवती, वेगळा न आखताही, टोकदार हातांचा क्रूस उमटतो.

आता ताऱ्याच्या आत पाहा. तिरक्या चौरसाने उभ्या चौरसाचे चार कोपरे छाटले आहेत आणि मध्ये नियमित अष्टकोन उरला आहे. चौरस दालनावर गोल घुमट चढवताना इराणी गवंडी नेमक्या याच कोपऱ्यांवर कमानी बांधत. इस्फहानच्या जामे मशिदीच्या उत्तरेकडील, १०८८-८९ मध्ये बांधलेल्या घुमटाखाली चौरसाचा अष्टकोन, अष्टकोनाचे सोळा बाजूंचे कडे आणि त्यावर वर्तुळ अशी ही चढण विटांमध्ये स्पष्ट दिसते. तुमच्या आकृतीत पुढची पायरी हवी असेल, तर केंद्राभोवतीचे आठही कोन कंपासने दुभागा, त्या रेषा वर्तुळापर्यंत न्या आणि आधीचे आठ व नवे आठ असे सोळा बिंदू क्रमाने जोडा.