ॲव्हरेज किती देते? जर्मनीत नव्याने गाडी घेणाऱ्यांसाठी

इथे गाडी घेतल्याचं घरी कळवलं की पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" मी डॅशबोर्डवर बघून "सहा पॉइंट दोन" म्हणालो, तर पलीकडे बाबा गप्पच झाले. पोराने परदेशात जाऊन ट्रक घेतला की काय! इथला हिशोब उलटा आहे. शंभर किलोमीटरला किती लिटर लागतं, ते दाखवतात. १०० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे आपलं ॲव्हरेज मिळतं. माझं सोळा भरलं आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

मी चौदा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतोय. दर वर्षी नवी मंडळी येतात, लायसन्सचं विचारतात, म्हणून ते आधी उरकतो. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६ महिने चालतं, सोबत त्याचं भाषांतर बाळगायचं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष गाडीची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते. सहावा महिना उजाडेपर्यंत थांबू नका, कागदपत्रांतच बरेच आठवडे जातात.

गाडीच्या परीक्षेला, "पुण्यात बारा वर्षं चालवलीय, मला काय शिकवणार" या थाटात जाऊ नका. मी गेलो होतो. फारशूलच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या, मास्तरांनी पहिल्याच दिवशी पुढच्या सिग्नलकडे बोट दाखवलं. "लाल आहे, दिसत होता ना? मग ॲक्सिलरेटर कशाला दाबत होतात?" मला उत्तर सुचेना. आपल्याकडे सिग्नलपर्यंत जोरात जायचं आणि मग ब्रेक मारायचा, कारण मध्ये जागा सोडली की रिक्षा घुसते. इथे कोणी घुसत नाही. ती जागा तुमचीच राहते. तिचा उपयोग करायला शिकलात की निम्मं काम झालं. परीक्षक हेही बघतो, पेट्रोल वाया न घालवता चालवणं हा मार्कांचाच भाग आहे.

त्यामागची गंमत समजून घ्या. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, तर आजच्या इंजिनात इंधन जाणंच बंद होतं. चाकं इंजिनाला फिरवत राहतात आणि गाडी फुकटात पुढे सरकते. वेग अगदी कमी झाल्यावर इंधन पुन्हा सुरू होतं. न्यूट्रल केलंत तर मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं, म्हणजे पेट्रोल जळतच राहतं. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवायची आपल्याकडची विद्या अशी दोन्हीकडून बुडीत आहे. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी किती अपघात केलेत, ते पुणेकरांना सांगायला नको.

उल्मकडून स्टुटगार्टला येताना ए-८ हा आउटोबान, म्हणजे इथला महामार्ग, श्वेबिशे आल्बचे डोंगर उतरतो. खंबाटकीसारखीच चढायची वाट वेगळी, उतरायची वेगळी. तिथे आपल्या एसटीच्या ड्रायव्हरांचा मंत्र आठवा: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. ऑटोमॅटिक असली तरी हाताने खालचा गिअर घेता येतो. सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून वास मारतील, आणि गाडी भरलेली असेल तर जास्तच.

गिअरचं गणित मास्तरांनी सोपं करून दिलं होतं: तीसला तिसरा, चाळीसला चौथा, पन्नासला पाचवा. मला वाटलं इंजिन धाप टाकेल, पण सपाटीवर काही होत नाही.

आता थंडीचा एक धडा. पहिल्या जानेवारीत मी गाडी चालू ठेवून काचेवरचा बर्फ खरवडत होतो, आत हीटर लावलेला. दहा मिनिटांत शेजारचे आजोबा गाऊनवर खाली आले आणि म्हणाले, "मोटर बंद करा." मला वाटलं म्हातारा खडूस आहे. पण विनाकारण इंजिन चालू ठेवणं इथे नियमात बसत नाही, ८० युरो दंड आहे. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन लवकर तापतही नाही. बर्फ खरवडा, गाडी चालू करा आणि सावकाश निघा. खरवडताना टपावरचा बर्फही काढा, नाहीतर ब्रेक मारल्यावर तो सगळा पुढच्या काचेवर येतो. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं, म्हणजे हिवाळी टायरचं, चिन्ह आहे ना, तेही त्याच वेळी तपासा.

आउटोबानवर वेगाला मर्यादा नाही, हे ऐकून सगळ्यांनाच हुरूप येतो. मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. नसेल तिथेही १३० चा सल्ला असतो, आणि त्याहून जोरात असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असूनही थोडी जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. पेट्रोलचं बघायचं तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ११० वरून १३० वर गेलात की तो साधारण ४० टक्क्यांनी वाढतो, आणि शंभर किलोमीटरमागे वाचतात जेमतेम साडेआठ मिनिटं. पेट्रोल भरायला आउटोबानवरच्या पंपावर थांबू नका. एक्झिट घेऊन किलोमीटर-दोन किलोमीटर आत गेलात तर स्वस्त मिळतं.

आता सामान. हा विषय मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. आपली गाडी सगळ्यात जड कधी होते? आई-बाबांना घेऊन फ्रांकफुर्ट विमानतळावरून परतताना. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, वर हातातल्या सात-सात किलोच्या. झाले १०६ किलो, त्यातलं निम्मं भाजणी, पापड आणि लोणचं. गाडीच्या कागदावर जी या अक्षरापुढे रिकाम्या गाडीचं वजन असतं, त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो. एफ-२ पुढे एकूण किती वजन चालतं ते असतं. समजा १३०० आणि १७८०. म्हणजे उरले ४८०. तुमच्याशिवाय चार मोठी माणसं बसली की ३०० गेले, सामानाला राहिले १८०. डिकीत जागा दिसते म्हणून भरत राहिलात, तर वजन कधी ओलांडलं ते कळतही नाही.

निघायच्या आधी हवा भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआत स्टिकर असतो. त्यावर एरवीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगवेगळा असतो. आकडे बारमध्ये असतात. आपण "तेहतीस टाक" म्हणतो, ते साधारण २.३ बार.

जड बॅग सगळ्यात खाली, मागच्या सीटच्या पाठीला घट्ट चिकटवून. दोहोंत फट राहिली की ब्रेक लागताच बॅग धावत येऊन पाठीवर आदळते. हलकं वर, पण सीटच्या पाठीपेक्षा उंच नाही. मागे कोणी बसणार नसेल तरी तिथले पट्टे लावून टाका, पाठीला तेवढाच आधार. डिकीच्या कोपऱ्यांतल्या कड्या पट्ट्याने सामान आवळण्यासाठीच असतात. वॉर्निंगचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी बॅगांखाली गाडू नका. फ्लुरोसेंट जॅकेट तर हाताशीच हवं.

मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवायचं नाही. हे मी कुकरकडून शिकलो. मैत्रिणीकडून आणलेला तीन किलोचा कुकर डिकीत मावला नाही, म्हणून फळीवर ठेवला. गल्लीतून एक सायकलवाला अचानक आला, मी करकचून ब्रेक मारला आणि कुकर सुटला तो मागच्या सीटवर, मुलीच्या जागी. ती त्या वेळी शाळेत होती. हा नुसता ब्रेक होता. ५० च्या वेगाने कशावर आदळलो असतो तर सुट्या वस्तूचा मार तिच्या वजनाच्या तीसपट किंवा त्याहून जास्त बसतो. म्हणजे तो कुकर नव्वद किलोचा.

मुलांची सीट बारा वर्षं किंवा १५० सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत लागते. थंडीत जाड जाकीट काढूनच पट्टा लावा, जाकिटावर तो घट्ट वाटतो पण आत सैल असतो.

सिंडेलफिंगनच्या इकेआ या फर्निचरच्या दुकानातून फळ्या आणताना डिकी उघडी ठेवून निघू नका, धूर आत येतो आणि नंबरप्लेट झाकते. गाडीच्या मागच्या रिफ्लेक्टरपासून सामान एक मीटरपेक्षा जास्त बाहेर आलं तर तीस बाय तीस सेंटीमीटरचं लाल फडकं लावायचं. अंधारात लाल दिवा. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. सहलीहून परतलात की टपावरची पेटी उतरवा. दोन-दोन महिने तिच्यासकट ऑफिसला जाणारे लोक मी बघितलेत, आणि पुन्हा विचारतात की ॲव्हरेज का पडलं.

गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे हटकून एक वाद होतो. मूर्ती गाडीत कुठे ठेवायची? मांडीवर नाही, हे तोवर सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. सगळ्यात पक्की जागा म्हणजे पुढच्या सीटच्या मागे, खाली. सीट मागे सरकवली की मूर्ती दोहोंत नीट बसते आणि कडेने टॉवेल कोंबता येतात. पण बाप्पाला पायांपाशी? दोन वर्षं आम्ही घासाघीस केली. तिसऱ्या वर्षी आई इथे होती. तिने खाली पाट ठेवला, त्यावर नवं कापड घातलं, मूर्ती बसवली, टॉवेल खोचले आणि मला म्हणाली, "आता हळू चालव."