चहाच्या रंगाचा डीएनए

दर जूनमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन येतो. मुलगी बी.एस्सी. झाली, जिनोमिक्समध्ये, म्हणजे सजीवांच्या संपूर्ण डीएनएच्या (जिनोमच्या) अभ्यासात जायचं म्हणते, पण त्यासाठी बंगळूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागेल ना? मी गोव्यातल्या फोंड्याची, इथेच शिकले, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर दरवेळी चिखलापासून सुरू होतं.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी खाजनातले, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या खारट शेतजमिनीतले, मीठ सोसणारे जिवाणू घेतले होते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेले आणि मानशीजवळ, म्हणजे खाजनात पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल डबाभर भरून आणला. जास्त चिखल, जास्त डीएनए, असं माझं गणित. शेवटी नळीत उतरलं ते कोऱ्या चहासारखं. डीएनएच्या शुद्ध द्रावणाला रंग नसतो हे वाचलेलं होतं, तरी मनाची समजूत घातली. डीएनएची शुद्धता मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावर २६०/२३० हे गुणोत्तर दोनच्या आसपास हवं, माझं एकालाही पोचत नव्हतं. तसंच डीएनए वाचून देणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवलं. दहा दिवसांनी मेल आली : नमुना क्यूसीत, म्हणजे दर्जाच्या तपासणीत, नापास.

तो रंग ह्यूमिक आम्लाचा. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून ते येतं, डीएनएला चिकटून बाहेर पडतं आणि पुढे एन्झाइमला कामच करू देत नाही. एका सीनियर ताईने मग हाताला धरून शिकवलं. चिखल पाव ग्रॅमच घे, आधी बफरने धुऊन घे, आणि नमुना काढल्याकाढल्या बर्फात ठेव, घरी येऊन फ्रीजमध्ये नव्हे. या शहाणपणाला दोन महिने लागले.

हे सगळं आधी सांगते, कारण डीएनए वाचणाऱ्या यंत्रांची गोष्ट ऐकून नवी मुलं भारावतात. ती गोष्ट आहेच तशी. १९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने एका विषाणूच्या डीएनएची सुमारे ५,४०० अक्षरं (ए, टी, जी, सी) वाचली. माणसाची अक्षरं सुमारे तीन अब्ज. ती वाचायला निघालेला ह्यूमन जिनोम प्रोजेक्ट १९९० ते २००३ असा तेरा वर्षं चालला, खर्च तीन अब्ज डॉलरच्या घरात. आज एका माणसाचा जिनोम हजार डॉलरच्या आत आणि काही दिवसांत होतो. फरक पडला तो एकाच वेळी कोट्यवधी तुकडे वाचण्याच्या युक्तीने. इल्युमिनाच्या यंत्रात काचेच्या पट्टीवर डीएनएचे तुकडे चिकटवतात, एकेक अक्षर जोडलं की प्रकाश चमकतो आणि कॅमेरा फोटो काढत जातो. अडचण एवढीच की एका वेळी वाचली जातात जेमतेम दीडशे अक्षरं.

आता घरातला आरतीसंग्रह फाडून त्याच्या चार-चार शब्दांच्या चिठ्ठ्या करा आणि पुन्हा जुळवायला बसा. कडवी जुळतील. ध्रुपदाच्या चिठ्ठ्या मात्र कुठेही बसतील, कारण ते पुन्हापुन्हा येतं. जिनोममध्येही अशी ध्रुपदं भरपूर. त्यामुळेच २००३ मध्ये ‘पूर्ण’ म्हटलेल्या मानवी जिनोमचा सुमारे आठ टक्के भाग राहून गेला होता. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, लांब तुकडे वाचणाऱ्या यंत्रांमुळे. त्यातलं एक नॅनोपोर. डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो, विजेचा प्रवाह बदलतो, त्यावरून अक्षर ओळखतात. त्याचं सगळ्यात छोटं यंत्र स्टेपलरएवढं, लॅपटॉपला जोडता येतं. सुरुवातीला चुका फार करायचं, आता बरंच सुधारलंय.

म्हणजे वाचन स्वस्त झालं. अडतं ते दोन टोकांना. एक टोक चिखलाचं, ते सांगून झालं. दुसरं संगणकाचं. माझा नमुना अखेर पास झाला आणि नेमकी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर फास्टक्यू फाइल, म्हणजे वाचलेल्या अक्षरांची प्रचंड मोठी फाइल आली. मी ती डबलक्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली. लॅपटॉप गोठला आणि मी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला निघून गेले. लिनक्स या संगणक प्रणालीच्या दहा-बारा आज्ञा आणि पायथन किंवा आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी, एवढं प्रकल्पाआधीच शिका. सरावाला डेटा विकत घ्यावा लागत नाही. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर जगभरचा पडलेला आहे, गॅलक्सी या मोफत संकेतस्थळावर तो ब्राउझरमधूनच चालवता येतो. जिनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातल्या सुमारे दहा हजार भारतीयांचा डेटाही जानेवारी २०२५ पासून संशोधकांना अर्ज करून मिळतो.

गोव्यात काय, याचं उत्तर : समुद्र आणि खाजन. दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) २०२१ मध्ये हिंद महासागरातल्या सूक्ष्मजीवांच्या जिनोमसाठी सिंधू साधना जहाजावरून मोहीम काढली होती. नमुना तुमच्या दारात आहे, यंत्र बाहेरगावी असलं तरी चालतं. कोविडच्या सुरुवातीच्या काळात इथले नमुनेही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचेच की. डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) एम.एस्सी. जागांसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पुढे पीएच.डी.ची शिष्यवृत्ती हवी तर नेट परीक्षा. मार्कांची चिंता करा, पण मुलाखतीत मला मार्कांपेक्षा त्या नापास नमुन्याबद्दल जास्त विचारलं गेलं.

आणि दिवाडीला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, बर्फ पणजीहूनच घ्या. मी एकदा धक्क्यावर मासळीवाल्या बायकडे मागितला होता. दिला तिने, पण त्या डब्याचा बांगड्याचा वास सेमिस्टर संपेपर्यंत गेला नाही.