खाणीच्या ढिगाऱ्यावर तपासणीला जाताय? या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

सोलापुरात कोळसा नाही, खाली नुसता काळा कातळ. फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा वीज प्लांट पण बाहेरून येणाऱ्या कोळशावर चालतो. त्यामुळं खाण म्हणजे काय ते मला पस्तिशीपर्यंत माहितीच नव्हतं. सांगोला-मंगळवेढ्याकडं बांधबंदिस्ती, सीसीटी (सलग समतल चर) असली कामं बघायचो आणि मग एका टीमबरोबर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या एका ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेल्या) कोळसा खाणीत जमीन पूर्ववत केली का, पाण्याचा निचरा नीट होतोय का, हे तपासायला गेलो. म्हटलं माती आणि पाणीच आहे की, त्यात काय नवीन. तिथंच फसलो.

पहिली चूक, गेलो जानेवारीत. कोळशावरची माती-दगड काढून जो डोंगर रचतात त्याला तिकडं ओबी डम्प म्हणतात, त्याच्या पायथ्याला गारलँड ड्रेन, म्हणजे डम्पला वेढा घालणारी नाली कोरलेली, कडेनं दगडाचं पिचिंग (अस्तर), एकदम चकाचक. टेप लावला, रुंदी-खोली नकाशाप्रमाणं, टिक मारून मोकळा. जुलैत परत गेलो तर अर्धी नाली गाळानं बुजलेली आणि पाणी वळणावरून उडी मारून थेट शेजारच्या कपाशीत. तिथले शेतकरी काका शांतपणे म्हणाले, "नाली तिकडं हाय साहेब, पाणी इकडं येते." काय बोलणार मी?

तेव्हापासून नाली सुरुवातीपासून शेवटापर्यंत पायी चालतो, गाडीतून बघत नाही. रुंदीपेक्षा तळाचा उतार महत्त्वाचा, मध्येच उलटा चढ असला की गाळ तिथंच बसतो. शेवटी ती गाळ बसायच्या तळ्यात जाते का, त्या तळ्याला सांडवा आहे का, गाळ शेवटचा कधी उपसला, हे विचाराच. बऱ्याच खाणींच्या पर्यावरण मंजुरीत अट असते की ५० वर्षांच्या आकड्यांवरून अचानक पडणारा सगळ्यात मोठा पाऊस धरायचा आणि साठवण त्याच्यावर अजून ५० टक्के जास्त ठेवायची. हिशोबाचा कागद मागा. तिकडं पाऊस आपल्या जवळपास दुप्पट पडतो, सोलापूरचा अंदाज चालत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, ही आपल्यासारख्या दुष्काळी डोक्याची. आपल्याला पाणी अडलेलं दिसलं की बरं वाटतं. डम्पच्या माथ्यावर छान डबकं साचलेलं, मी खूश, म्हटलं झाडांना ओल राहील. सोबतच्या सिनियर सरांनी झापलं. अहो, तो भुसभुशीत भरावाचा डोंगर आहे, पाणी आत मुरलं की वजन वाढतं, पकड सुटते आणि घसरतो. तिथं पाणी अडवायचं नाही, सावकाश खाली उतरवायचं. प्रत्येक बेंचला, म्हणजे डम्पच्या पायरीला, आतल्या बाजूला थोडा उतार, तिथून नाली, मग दगडी पन्हाळीतून खाली. शिवाय भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, जुन्या गादीसारखे खड्डे पडतात, त्यामुळं मागच्या वर्षी बरोबर असलेला उतार यंदा उलटा झालेला असू शकतो. लेव्हल दरवेळी नव्यानं घ्या.

काळी माती तर आपली ओळखीची, भिंतींना भेगा पाडणारी. वणी-चंद्रपूर पट्ट्यात पण तीच आहे. ती न काढता तिच्यावरच डम्प उभा केला असेल तर ओली झाली की पायाच सरकतो, म्हणून खाली काय आहे ते विचारा. माथ्यावर कडेला समांतर भेगा आणि पायथ्याला फुगवटा दिसला तर चहा नंतर, आधी खालची माणसं-मशिनं हलवायला सांगा. झारखंडच्या राजमहाल खाणीत २९ डिसेंबर २०१६ ला डम्प कोसळून २३ कामगार गेले. एका बेंचची उंची ३० मीटरच्या आत हवी, आणि मंजुरीत एकूण उतार बहुतेक वेळा २८ अंशांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं असतं. तो डोळ्यानं सांगू नका, मोजा.

डम्पवर सुपीक माती पसरली म्हणतात ना, कुदळ घेऊन चार ठिकाणी फूटभर खणा. कधी बोटभर निघते आणि खाली नुसते दगड. नालीत नारिंगी गाळ दिसला तर पाण्याचा पीएच तिथंच बघा, दगडातल्या पायराइटला (लोखंड-गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं. बाहेर सोडायच्या पाण्याला पीएच ५.५ ते ९ आणि तरंगता गाळ लिटरमागं १०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. नमुना पाऊस चालू असताना घ्या, उघडीप पडल्यावर चार दिवसांनी पाणी सगळीकडंच स्वच्छ असतं.

आणि डम्पवर लावलेली किती झाडं जगली ते मोजायचं तर मे अखेरीला मोजा, ऑगस्टमध्ये वाळकी काडी पण गवतात हिरवी दिसते.