वेंतेस रागसच्या पक्षीकेंद्रात काम करायला जाताना

लिथुआनियात कुर्शियन लगूनमध्ये, म्हणजे वाळूच्या दांड्याने समुद्रापासून तुटलेल्या उथळ पाण्यात, घुसलेलं जमिनीचं टोक म्हणजे वेंतेस रागस. शरदात दक्षिणेकडे निघालेले चॅफिंच, रॉबिन, ग्रेट टिट असे छोटे पक्षी किनारा धरून येतात, समोर उघडं पाणी दिसलं की बिचकतात आणि या टोकावर दाटी करतात. म्हणूनच प्राणिशास्त्रज्ञ तादास इव्हानाउस्कास यांनी १९२९ मध्ये दीपगृहाशेजारी पक्ष्यांच्या पायात ओळखीची, क्रमांक असलेली कडी घालण्याचं केंद्र उभं केलं. समोर ९८ किलोमीटर लांबीचा कुर्शियन वाळूचा दांडा आहे. त्याचा दक्षिण भाग रशियात येतो. तिथल्या रिबाची गावात, म्हणजे जुन्या जर्मन रोसिटेनमध्ये, जर्मन पक्षीतज्ज्ञ योहानेस थिनेमान यांनी १९०१ मध्ये पक्षीकेंद्र सुरू केलं होतं.

दोन्ही केंद्रं एकाच फेरीत उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. रशियाचा व्हिसा वेगळा लागतो आणि लिथुआनियासह युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर बाहेर पडताच तो संपतो.

शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, वैद्यकीय विमा ३०,००० युरोचा. अडतं ते केंद्राच्या पत्रावर. ‘येण्यास हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र कुचकामी. तारखा, काम स्वयंसेवेचं की पगारी, राहायची सोय आणि खर्च कोणाचा, हे चारही मुद्दे त्यात हवेत. पर्यटक म्हणून अर्ज करून खिडकीवर ‘संशोधन’ म्हणू नका. कागद आणि तोंडचं उत्तर जुळलं नाही की प्रश्न वाढतात.

सामानात दूध-मांसाचे पदार्थ नकोत, युरोपीय संघाच्या सीमेवर ते काढून घेतात. बूट घासून, वाळवून न्या. बर्ड फ्लूची धास्ती सगळीकडेच असते. परतताना जमिनीवर सापडलेलं पीसही खिशात घालू नका. पीस, रक्त किंवा मेलेला पक्षी सीमेपार न्यायचा तर दोन्ही देशांचे परवाने आधी हातात हवेत.

एक गंमत. वाळूच्या दांड्यावर निडा या लिथुआनियन गावाच्या बाजूला मोबाइल कधी कधी रशियन टॉवर पकडतो. उन्हाळी वेळेत कालिनिनग्राद, म्हणजे पलीकडचा रशियन प्रांत, एक तास मागे असल्याने गजर तासभर उशिरा वाजतो आणि जाळ्यांची पहाटेची फेरी हुकते. वेळ आपोआप बदलायची सोय आणि रोमिंग, दोन्ही बंद ठेवा.

आता काम. पहिले काही दिवस तुमच्या हाती पक्षी येणार नाही, नोंदवही येईल. त्यात कमीपणा मानू नका. शिकताना बहुतेक चुका जाळ्यातच होतात. मिस्ट नेट, म्हणजे पक्षी धरायची बारीक धाग्याची जाळी, आडव्या दोऱ्यांवर झोळ्यांसारखी लोंबते. पक्षी धडकून झोळीत पडतो. दर अर्ध्या तासाने फेरी हवीच, थंडी असेल तर त्याहून लवकर. पाऊस किंवा जोराचा वारा आला की जाळी बंद. भिजलेला गोल्डक्रेस्ट हा चिमुकला पक्षी जेमतेम पाच-सहा ग्रॅमचा, त्याची ऊब भराभर जाते. सोडवताना आधी तो कोणत्या बाजूने शिरला ते शोधा. नवखे इथेच चुकतात, उलट्या बाजूने ओढत बसतात आणि गुंता वाढतो. पाच मिनिटांत सुटला नाही तर जाणत्याला हाक मारा, लाजू नका.

पकड अशी: पाठ तळहाताला, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, बाकीची बोटं अंगाभोवती सैल. पक्षी श्वास घेताना छाती हलवतो, त्यामुळे छाती दाबली की तो गुदमरतो. सुती पिशवीत एकच पक्षी ठेवा. पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला हवी, नाहीतर आतल्या सुट्या धाग्यात नख अडकतं.

पंख मोजताना पट्टीवर सपाट दाबून, सरळ करून मोजतात. तुमची आणि शेजाऱ्याची मापं दोन मिलिमीटरने वेगळी आली तर दोष बहुधा दाबात असतो. चरबी पाहायला पोटावरची पिसं हलकेच फुंकरा. कातडीखाली पिवळसर थर दिसतो तीच चरबी.

आधीच कडी असलेला पक्षी आला तर ती काढू नका. नवखे आनंदात घाई करतात. त्यावरचा पत्ता अक्षरन् अक्षर लिहा. आकडे मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याकडून परत वाचवून घ्या, कारण कडी उलटी बसली असेल तर ६१ हे इंग्रजी आकड्यांत १९ दिसतं.